वाईट बातमी चहाच्या आधी

अनसिंग, जि. वाशिम
२ सप्टेंबर २०२४

कालकथित धम्मदीपा प्रसेनजित पडघान,

तुझे नाव पूर्ण लिहीत आहे, कारण कंपनीने ते चुकवले. आज तिच्याकडून दोन पत्रे एकाच टपालाने आली. पहिले सांत्वनाचे, त्यात तू 'श्रीमान धम्मदीपा' आहेस आणि मी तुझी शोकाकुल पत्नी. दुसरे अनसिंग येथील बियाणे संकलन केंद्र बंद करण्याविषयीचे. त्यात तुझे नाव काना-मात्रेसह अचूक आहे, कारण केंद्राच्या किल्ल्या तुझ्या नावे दिलेल्या आहेत आणि त्या त्यांना परत हव्या आहेत. दोन्ही पत्रांचा शेवट एकाच वाक्याने होतो: 'या स्थित्यंतराच्या काळात आम्ही आपल्या सोबत आहोत.'

मी निवृत्तीपर्यंत महाविद्यालयात वाणिज्य शिकवले. बहुराष्ट्रीय कंपन्यांची रचना हा धडा तिसऱ्या वर्षाला असे. फळ्यावर मी वर एक चौकोन काढी, त्यातून खाली येणारे बाण काढी आणि प्रत्येक बाणाच्या शेवटी एका देशाचे नाव लिही. मुले आकृती उतरवून घेत. परीक्षेत तिला पूर्ण गुण मिळत. बाणाला टोक असते, हे मला आज समजले.

सकाळी लिलाबाई आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

"सर, केंद्र बंद होऊन राह्यलं म्हन्तात. खरं हाये काय?"

तसे पत्र आले आहे, मी म्हणालो.

"कागद येऊ द्या. कागदाचं काय! बाईचा शबूद हाये ना?"

"आहे."

"मंग झालं," असे म्हणून त्या गेल्या.

तो शब्द तू जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर दिला होतास: यंदाचे सोयाबीनचे बियाणे कंपनी अनसिंगातूनच उचलेल. त्यावर विसंबून लिलाबाईंनी आणि इतर बायकांनी आपापली वावरे बियाण्यासाठी राखली. दुसऱ्या वाणाचे झाड दिसले की उपटले, शेजारच्या पिकापासून अंतर सोडले. कंपनीने येथून माल उचलला नाही, तर ते बियाणे राहणार नाही. बाजार समितीत साधा दाणा म्हणून विकावे लागेल. इंदूरच्या नव्या मोठ्या केंद्राला एकाच उत्पादकाच्या नावे पूर्ण ट्रकभर माल हवा आहे. येथे एकीचेही वावर तेवढे नाही.

तू गेल्यानंतर मला करता येण्यासारखे फारसे उरलेले नाही. हे उरले आहे. तुझा शब्द मोडला जाणार नाही आणि तो पाळला जाईपर्यंत किल्ल्या मी देणार नाही. उद्या तुझ्या भावाला लिहितो.

प्रसेनजित


अनसिंग, ३ सप्टेंबर २०२४

आयु. धम्मरत्न अंभोरे,
प्रादेशिक प्रमुख, कार्यपद्धती विभाग, सिंगापूर
यांस,

जय भीम. त्याआधीचा 'सप्रेम' हा शब्द विचारपूर्वक वगळला आहे.

आपल्या थोरल्या बहिणीच्या अंत्यविधीस आपण आला नाहीत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आपण भिंतीवरच्या पडद्यावर उपस्थित होता. आपले ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. ही गोष्ट उपस्थितांनी आपल्याला हात हलवून दोनदा कळवली. आपण उत्तरादाखल हात जोडलेत.

त्याविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार पुढीलप्रमाणे आहे.

धम्मदीपा बायकांच्या बैठका केंद्रात घेत नसे. ती कुणाच्या तरी ओट्यावर विहारातली निळी सतरंजी अंथरी. खुर्ची कोणालाही नाही, तिलाही नाही. वाईट बातमी असेल तर ती चहाच्या आधी सांगायची. चहा पाजून मग सांगणे ही लबाडी, असे तिचे म्हणणे होते. आपण एकदा रजेवर आला असताना कोपऱ्यात बसून हे सर्व पाहिलेत, छायाचित्रे घेतलीत आणि परत जाऊन त्यातून कंपनीचा जागतिक कार्यक्रम तयार केलात. तो आज अकरा देशांत चालतो, असे कंपनीच्या सांत्वनपत्रातच अभिमानाने नमूद आहे. आपल्याला त्यावर बढती मिळाली. त्याचाही मला मत्सर नाही.

परंतु जेथून हे नेले तेच गाव आता यादीतून खोडले जात आहे, आणि तेही ऐन काढणीच्या तोंडावर. मला एकच प्रश्न विचारावयाचा आहे. हा निर्णय कोणी घेतला? मला पदनाम नको, माणसाचे नाव हवे.

आपला,
प्रसेनजित शेषराव पडघान


सिंगापूर, ९ सप्टेंबर २०२४

भाऊजी,

जय भीम. तुम्ही मला लहानपणापासून 'धम्मा, इकडे ये' म्हणत आलात. आता 'आपण' म्हणता. त्यातला काटा मला कळतो, तेवढं मराठी अजून शिल्लक आहे.

मी तेव्हा मुख्यालयात होतो, नेदरलँड्सला, रॉटरडॅममध्ये. ताई गेल्याचं कळलं तेव्हा पुढच्या वर्षीचा आराखडा मांडत होतो. विमान पकडलं असतं तरी नागपूरला पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं. हे कारण म्हणून सांगत नाही. घडलं ते सांगतोय.

तुम्हाला नाव हवं आहे. नाव नाही, भाऊजी. मुख्यालयाने जगभरासाठी एक रेषा आखली: अमुक टनांखालचं केंद्र स्वतंत्र ठेवायचं नाही. त्यांना अनसिंग माहीतही नाही. सिंगापूरने ती रेषा आशियाला लागू केली. गुरुग्रामने रेषेखालच्या केंद्रांची यादी काढली. इंदूरने किल्ल्या मागितल्या. प्रत्येकाने आपापला तुकडा केला आणि प्रत्येकाचा तुकडा बरोबर आहे. सगळे तुकडे जोडले की अनसिंग बंद होतं. तुम्ही फळ्यावर जे शिकवायचात ते असंच चालतं. पेरूत, पोलंडमध्ये, व्हिएतनाममध्ये, सगळीकडे. नाहीतर चाळीस देश एका गाड्याला जुंपताच येणार नाहीत.

आणि हो, सिंगापूरमध्ये ती रेषा लागू करणाऱ्या कागदावर सही माझी आहे. विचारलंत म्हणून सांगितलं.

ताई त्या केंद्रावर नऊ वर्षं होती. तुम्ही तिथे किती वेळा गेलात? तिचे अहवाल माझ्यापर्यंत यायचे तेव्हा त्यांवर लाल शाईने तुमची शुद्धलेखनाची दुरुस्ती असायची. तेवढाच तुमचा त्या केंद्राशी संबंध. आता ते तुमचं झालं?

किल्ल्या इंदूरला कुरिअर करा. विषय संपवा.

धम्मरत्न


अनसिंग, १६ सप्टेंबर २०२४

आयु. धम्मरत्न अंभोरे यांस,

आपले पत्र मिळाले. त्यातील प्रामाणिकपणाबद्दल आभार. त्यातील उरलेल्या गोष्टींबद्दल नाहीत. अहवाल मी दुरुस्त करीत असे, कारण ती दुरुस्तीसाठी माझ्यापुढे ठेवीत असे. शुद्धलेखन हा गुन्हा नाही.

विषय संपला नाही, कारण काल आपल्याच कंपनीने तो नव्याने सुरू केला. केंद्राच्या दारात एक मोठे खोके आले. त्यात बारा चटया आहेत: निळ्या, प्लास्टिकच्या, कडेला कंपनीचे बोधचिन्ह. सोबत कार्यपुस्तिकेचे मराठी भाषांतर. जे केंद्र आपला एक विभाग बंद करतो, त्याच केंद्राला दुसरा विभाग बसण्याची सामग्री पाठवतो. आपण लिहिलेत की प्रत्येकाचा तुकडा बरोबर आहे. मान्य.

खोके उघडताना लिलाबाई आणि चारपाच जणी हजर होत्या. पुस्तिका मी मोठ्याने वाचून दाखवली. 'चटईचा रंग: निळा, अनिवार्य. रंगाचा सहभागी महिलांच्या विश्वासावर अनुकूल परिणाम दिसून आला आहे.'

"काहून निळा?" एकीने विचारले.

"अवं, आपली विहाराची सतरंजी निळी हाये म्हनून," लिलाबाई म्हणाल्या. "फोटोत पाह्यली असन त्यायनं. त्या दिवशी भगवी असती त जगभर भगवी धाडली असती." हसून त्यांना ठसका लागला.

आपल्याला तो रंग कोठून आला हे ठाऊक होते. आपण किन्हीराजाच्या विहारात त्याच रंगाच्या झेंड्याखाली लहानाचे मोठे झालात. मुख्यालयाला ते सांगण्याची आपल्याला लाज वाटली, की वेळ मिळाला नाही? पुस्तिकेच्या शेवटी देशनिहाय तक्ता आहे आणि त्यात 'चटई-अनुपालन' असा रकाना आहे. एका देशात ते कमी भरले, कारण तेथील बायका बैठ्या स्टुलावर बसतात आणि जमिनीवर बसणे त्यांना कमीपणाचे वाटते. शेरा आहे: 'सुधारणेस वाव.'

आता मुख्य मुद्दा. पुस्तिकेचे सातवे कलम आपल्या नावाने प्रस्तावित झालेले आहे. ते असे: 'बैठकीत दिलेला शब्द पत्राने अथवा दूरध्वनीने मागे घेता येणार नाही. देणाऱ्या व्यक्तीहून वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याच ठिकाणी, त्याच सहभागींसोबत, जमिनीवर बसून तो मागे घ्यावा. तोपर्यंत तो कंपनीवर बंधनकारक राहील.'

हे धम्मदीपेचे म्हणणे होते. आपण ते अकरा देशांना लागू केलेत. जूनमधील बैठकीत तिने शब्द दिला होता, तो अद्याप कोणी मागे घेतलेला नाही. सबब यंदाचे बियाणे अनसिंगातूनच उचलणे कंपनीस भाग आहे. तसे न झाल्यास, जगातील पहिल्याच गावात सातवे कलम मोडले गेले असे मी मुख्यालयास, गुरुग्रामला आणि आपल्या अकराही देशांच्या कार्यालयांना कळवीन. पत्ते पुस्तिकेत छापलेले आहेत.

किल्ल्या माझ्याकडेच आहेत.

प्रसेनजित पडघान


सिंगापूर, २९ सप्टेंबर २०२४

भाऊजी,

धमकी मिळाली. तुमची धमकीसुद्धा तीन परिच्छेदांत आणि सबब घालून येते.

मी हे लिहिणार नव्हतो. तुम्ही लिहायला लावलंत.

अनसिंग बंद होणार हे ताईला ठाऊक होतं. जूनमध्ये मी स्वतः तिला फोन केला, यादी बाहेर यायच्या आधी. तिला तिसऱ्याच कोणाकडून कळू नये म्हणून. ती शांतपणे म्हणाली, "बरं झालं सांगितलंस." दुसऱ्याच दिवशी तिने सतरंजी अंथरली आणि बायकांना शब्द दिला की माल इथूनच उचलला जाईल. कळलं का? ठाऊक असताना दिला. मला आठवड्याने इंदूरकडून कळलं. मी फोन केला, ओरडलो. ती म्हणाली, "कलम सात तुझंच आहे ना?" आणि फोन ठेवला. आमचं ते शेवटचं बोलणं. त्यानंतर ती अकोल्याला दवाखान्यात गेली, आणि मी मुख्यालयात आराखडा मांडत बसलो.

तेव्हा मला सत्य आणि शब्द शिकवू नका. तुमच्या बायकोने त्या बायकांना अंधारात ठेवलं. पेरणी करायला लावली. जे होणार नाही हे माहीत होतं, ते होईल म्हणून सांगितलं. मी निदान सही केली ती उजेडात.

तुम्हाला तिने काहीच सांगितलं नव्हतं, हे तुमच्या पत्रांवरून दिसतंच आहे.

धम्मरत्न


अनसिंग, ७ ऑक्टोबर २०२४

आयु. धम्मरत्न अंभोरे यांस,

आपले पत्र मिळाल्यावर पहिले काही दिवस मी उत्तर लिहिले नाही. लिहिले असते तर ते छापण्यायोग्य भाषेत झाले नसते.

आपण माझ्या पत्नीला खोटे ठरवलेत. तेव्हा मी पुस्तिका, आपले पत्र आणि माझा चष्मा घेऊन लिलाबाईंच्या घरी गेलो. त्यांच्या ओट्यावर दोघीतिघी शेंगा निवडत होत्या. मी उभ्यानेच आपल्या पत्रातील तो परिच्छेद वाचला. मला वाटले होते, त्या हादरतील.

लिलाबाईंनी हातातली शेंग फोडली. "बसा सर."

मी बसलो.

"आमाले ठाऊक होतं."

काय ठाऊक होते, असे मी विचारले.

"हेच. बाईनं त्याच बैठकीत सांगतलं, चहाच्या आधी. म्हने, कंपनी इथून जाऊन राह्यली. मले भावानं सांगतलं. आता मी तुमाले शबूद देतो की माल इथूनच उचलन. हा शबूद मोडाचा असन त कोनीतरी मोठ्या मानसाले इथं येऊन, खाली बसून, तुमच्या तोंडावर मोडा लागन. तुमी बी ठरवा, पेराचं का नाई ते. आमी म्हटलं, पेरतो."

"सगळ्यांना माहीत होते?"

"समद्यायले. तुमी सोडून."

मला का नाही, हा प्रश्न मी विचारणार नव्हतो. तो माझ्या तोंडून आपोआप गेला.

लिलाबाईंनी इतर दोघींकडे पाहिले. त्या खाली मान घालून हसत होत्या. "रागावू नोका सर. बाई म्हने, आमचे सर लय भले हायेत, पन त्यायच्या पोटात गोठ ठरत नाई, कागदावर येते. तुमाले सांगतलं असतं त तुमी दुसऱ्याच दिवशी कंपनीले अर्ज लिवला असता. माननीय महोदय. त्यायनं उत्तर धाडलं असतं, अन् तिथंच समदं मिटलं असतं."

हे मी आपल्याला जसेच्या तसे कळवीत आहे, कारण ते खरे आहे, आणि खरे लपवण्याचा आरोप आपण माझ्या घरावर केला आहे. तिने कोणालाही अंधारात ठेवले नाही. केवळ मला ठेवले. ते माझे आणि तिचे आहे. आपण त्यात बोलू नये.

त्या बायकांना आपल्याकडून दया नको आहे, पत्र नको आहे, चटई तर नकोच आहे. शब्द मोडायचा असेल तर येऊन मोडावा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. रॉटरडॅम येणार नाही. गुरुग्रामला अनसिंगचा रस्ता माहीत नाही. इंदूर धम्मदीपेहून वरिष्ठ नाही. आपण आहात. आपली सही आहे. माल घरोघर गोण्यांत भरून ठेवलेला आहे.

यावे.

प्रसेनजित पडघान


सिंगापूर, १५ ऑक्टोबर २०२४

भाऊजी,

रविवारी, वीस तारखेला येतो. नागपूरहून गाडी करून दुपारपर्यंत पोचेन. तुमच्या घरी उतरणार नाही.

गैरसमज नको. मी शब्द मागे घ्यायला येतोय. कंपनीला तसं लेखी कळवून, परवानगी घेऊन येतोय. कलम पाळलं जाईल, मग तुम्ही कोणालाही लिहू शकणार नाही.

ताईने हे माझ्यासाठीच मांडून ठेवलं होतं, हे मला कळत नाही असं समजू नका. मला तिचा राग आहे. ती असती तर तिलाही सांगितलं असतं.

धम्मरत्न


अनसिंग, ११ नोव्हेंबर २०२४

कालकथित धम्मदीपा प्रसेनजित पडघान,

धम्मरत्न येऊन गेला. तुला अहवाल देणे आवश्यक आहे. यावर लाल शाई चालवायला कोणी नाही, याची नोंद घ्यावी.

बैठक लिलाबाईंच्या ओट्यावर झाली. विहारातली सतरंजी अंथरलेली होती. कंपनीच्या बाराही चटया गोण्यांखाली घातलेल्या होत्या, ओल लागू नये म्हणून; त्या कामाला त्या उत्तम आहेत. तो गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या अंगात कोट होता. ऑक्टोबरच्या उन्हात. एकीने मागून विचारले, "धम्मा, तुयाकडं थंडी पडून राह्यली काय रे?" त्याने कोट काढून गाडीत टाकला.

मग तो उभा राहिला आणि इकडेतिकडे पाहू लागला.

"खुर्ची नाई भेटत इथं," लिलाबाई म्हणाल्या. "तुयाच पुस्तकात हाये म्हन्तात."

"हाये, मावशी."

"मंग बस."

तो बसला. मांडी घालताना त्याचा गुडघा वाजला आणि सगळ्यांनी तो ऐकला. आत चुलीवर चहा चढवलेला होता. त्याने खिशातून एक कागद काढला, उलगडला, माझ्याकडे पाहिले. मी त्याला काहीही मदत केली नाही. माझ्या चेहऱ्यावर काय होते ते मला सांगता येणार नाही, चांगले नसावे.

"कागद ठेव," लिलाबाई म्हणाल्या. "आमाले वाचता येते. तू बोल. चहा उकळून राह्यला."

त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"बोल ना बाप्पा. दूध फाटन."

"साह्यब हाये तो आता," मागून कोणीतरी म्हणाले. "पयले इंग्रजीत इचार करन, मंग मराठीत आनन, मंग बोलन. टाइम लागते."

हशा पिकला. तोही हसला असता, पण त्याचे लक्ष सतरंजीच्या कडेकडे गेले होते. तेथे तुझ्या हातची शिवण आहे. विरलेल्या कडेला तू पांढऱ्या दोऱ्याने टीप घातली होतीस, कारण निळा दोरा त्या दिवशी दुकानात मिळाला नव्हता. तो त्या टिपेवरून बोट फिरवीत राहिला. मग बोलू लागला, आणि मला पहिल्यांदा त्याचा किन्हीराजाचा आवाज ऐकू आला. तो मी पंधरा-वीस वर्षांत ऐकला नव्हता.

"मावशी, केंद्र बंद होईन. ते माह्या हातात नाई. माही सही हाये, पन थांबवनं माह्या हातात नाई. हे आधी सांगतो."

त्याने टिपेवरचे बोट उचलले.

"यंदाचा माल इथूनच उचलन. ते बी माह्या हातात नाई. पन ते मी बोलून राह्यलो."

"म्हंजे बाईचा शबूद तू मांगं घेतला का नाई घेतला?"

"घ्यायलेच आलो होतो."

"ते आमाले ठाऊक हाये. घेतला का?"

"नाई."

लिलाबाईंनी मान न वळवता आत हाक मारली, "दे वं त्याले चहा."

पुढचे तुला पाहायला आवडले असते. इंदूरच्या केंद्राला एका उत्पादकाचा पूर्ण ट्रक हवा, हा नियम त्याने मोडला नाही. मोडता येतही नाही, संगणक अडवतो. तो केंद्रात तुझ्या टेबलाशी बसला, यंत्र उघडले आणि सगळ्या बायकांचा माल एकाच उत्पादकाच्या नावाखाली भरला. नावाच्या रकान्यात काय लिहू, असे त्याने मला विचारले. मी म्हणालो, मला विचारू नये. त्याने 'निळी सतरंजी, अनसिंग' असे लिहिले. यंत्राने ते नाव निमूटपणे स्वीकारले. चाळीस देश एका गाड्याला जुंपणाऱ्या व्यवस्थेला नाव कोणाचे आहे याच्याशी कर्तव्य नसते. रकाना भरलेला असावा लागतो. हे मी इतकी वर्षे शिकवले असते तर बरे झाले असते.

ट्रक आले. प्रत्येक वेळी लिलाबाई हमालांच्या मागे उभ्या राहून ओरडत होत्या, "आपटू नोका रे, बी हाये ते, गोटे नाई." मागील आठवड्यात शेवटचा ट्रक गेला. बियाण्याची उगवणक्षमता तपासणीत उत्तीर्ण झाली, असे इंदूरहून कळले. पत्र 'प्रिय निळी सतरंजी' असे सुरू होते आणि शेवटी ते आमच्या सोबत आहेत.

धम्मरत्नाला वरून जाब विचारला गेला. त्याचे पद बदलले आहे. नव्या पदाचे नाव त्याने कळवले. मला ते दोनदा वाचूनही समजले नाही, आणि मला वाटते ते समजण्यासाठी ठेवलेले नाही. मी त्याला क्षमा केली, असे समजू नये. तो पडद्यावर होता आणि त्याचा आवाज येत नव्हता, हे मी विसरणार नाही. तो निघाला त्या दिवशी त्याच्या गाडीपर्यंत गेलो आणि 'धम्मा, पोचल्यावर कळव' असे म्हणालो, इतकेच.

जाताना त्याने सांगितले की किल्ल्या इंदूरला पाठवण्याची गरज नाही. भाडेकरार संपतो आहे, त्या इमारतीचे मालक कांतीलालशेठ यांना द्याव्यात.

आज सकाळी मी त्या कामासाठी केंद्रावर गेलो. तुझा पाण्याचा तांब्या, चपला आणि भिंतीवरचे बाबासाहेबांचे छायाचित्र पिशवीत घेतले. लिलाबाई झाडायला आल्या होत्या. रिकामी खोली झाडण्याचे कारण नव्हते. मी तसे म्हटले नाही.

झाडता झाडता त्या म्हणाल्या, "सर, एक गोठ राह्यली."

मी थांबलो.

"तुमाले सांगू नोका, असं बाई म्हने, ते अर्धंच सांगतलं मी तुमाले. पुरं असं होतं: मी हाये तवरिक सरले सांगू नोका. मी गेली की त्यायले लिवू द्या. आडवू नोका. म्हने, एकदा मांगं लागले का सर सोडत नाईत; धम्मा दुसऱ्या कोनाच्या कागदानं याचा नाई, त्यायच्याच कागदानं येईन."

त्यांनी केर दाराबाहेर लोटला आणि कुंचा भिंतीला टेकवला.

तू अकोल्याच्या दवाखान्यात असताना मी तुझ्या उशाशी बसून विम्याचे अर्ज भरत असे. तू एकदा म्हणालीस, तुमचं अक्षर किती सुरेख आहे हो. मला वाटले, वेदनेवरून लक्ष काढण्यासाठी बोलते आहेस.

दार लावले. कुलूप ओढून पाहिले. किल्ल्या कांतीलालशेठ यांना परत केल्या. ते पावती लिहून देत होते, नको म्हणालो.

प्रसेनजित